डाव्या बुटातला खांदा

मी एक जुना बूट आहे. त्यातही डावा. मित्रांनो, खरं तर आम्ही दोघं भाऊ, पण उजव्याला विचारलं तर तो म्हणाला, "माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही. मी पहिल्या दिवसापासून नीट बसलो." ते खरंच आहे. ज्याचं सगळं नीट बसतं त्याच्याकडे गोष्ट नसते. म्हणून ही जबाबदारी माझ्यावर आली.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टोकाने चामडं आत जायचं आणि दुसऱ्या टोकाने खोकी बाहेर यायची. मधल्या काळात मला साच्यावर ताणलं, खिळे ठोकले, खिळे काढले, अंगाला मेण चोळलं, पोटात लोकरी अस्तर घातलं आणि खाली बोटभर जाडीचा, खोल खाचांचा रबरी तळ चिकटवला. शेवटी तपासणीस बाईंनी मला पाण्याच्या टबात बुडवून पाच मिनिटं धरून ठेवलं, बाहेर काढून आत बोट फिरवलं आणि बोट कोरडं आल्यावर शिक्का मारला. परीक्षेत बुडूनही पास झालेले या जगात फार थोडे. त्यांतला मी एक.

इतकी तयारी झाल्यावर माझी रवानगी कुठे व्हावी? तर अशा गावात, जिथे थंडी पडली म्हणजे लोक पंख्याचा वेग पाचवरून तीनवर आणतात. पत्त्यात कुणाची तरी चूक झाली असावी. आम्ही दोघं भाऊ दुकानाच्या सर्वांत वरच्या फळीवर सात वर्षं बसून होतो. गिऱ्हाइकं वर बघायची आणि विनोद करायची. "हे काय, आग विझवायला जायचे का?" एक जण म्हणाला, "एका बुटात आमचं बाळ झोपेल, दुसऱ्यात त्याची दुधाची बाटली." मी ऐकून घ्यायचो. बूट झाल्यावर दुसरं काय करता येतं?

दुकानाच्या मालकांना सगळे बूटवाले काका म्हणत. ते स्वतः बाराही महिने रबरी चपला घालत, पण बुटांविषयीची त्यांची मतं लोखंडी होती. "पाय सकाळी आणू नका, संध्याकाळी आणा," ते सांगत. "सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर चालून सुजला की खरं बोलायला लागतो. जो मोजा घालणार तोच घालून या. दोन्ही पायांवर उभे राहा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र तसूभर हलता कामा नये. आणि दुकानात दहा फेऱ्या मारा." लोक मान डोलवत आणि आरशासमोर जाऊन उभे राहत. आरशात बूट कधीच चावत नाही.

एके दिवशी दुकानात एक बाई आल्या. त्यांच्या हातात खाकी कागदाची सुरळी होती.

"काका, बर्फात, पाण्यात चालतील असे बूट आहेत? सासूबाईंना हवेत."

"सासूबाई कुठायत?"

"त्यांच्या दुकानात. शाळेचे चाळीस गणवेश शिवायचे राहिलेत, त्यांना उठायला फुरसत नाही. त्यांनी माप पाठवलंय."

सूनबाईंनी सुरळी उलगडली. कागदाचं एक पाऊल निघालं. इतकं सुबक कापलेलं की काकांनी आधी चष्मा लावला आणि मग कपाळाला हात लावला.

"अहो, पाय न बघता मी बूट विकत नाही. लावा त्यांना फोन."

फोन लागला. पलीकडून आधी मशीनची खडखड आली आणि तिच्यावरून आवाज आला, "बोला पटकन, सुईत दोरा आहे."

"बाई, तुम्ही स्वतः यायला हवं."

"का बरं? मी एकतीस वर्षं लोकांचे कपडे शिवते. माप घेते आणि माणसाला घरी पाठवते. कुणाला कापडाबरोबर दुकानात ठेवून घेतलेलं नाही."

"कागदावर एकच पाय आहे. डावा."

"उजवा त्याच्यासारखाच आहे. एका आईचे आहेत दोघं."

"माप बसून घेतलंत की उभं राहून?"

क्षणभर मशीन थांबलं. "बसून. उभं राहून वाकले असते, तर मला सरळ करायला तुम्ही येणार होतात का?"

बूटवाले काका हरले. स्टुलावर चढले, आमचं खोकं उतरवलं आणि तो कागद माझ्यात सरकवला. तो असा बसला, जणू सात वर्षं मी त्याचीच वाट पाहत होतो. काकांना खोट काढायला जागा उरली नाही. "निदान आठवडाभर घरात घालायला सांगा," ते खोकं बांधताना म्हणाले. "नवा बूट म्हणजे नवा भाडेकरू. त्याची आणि पायाची ओळख होऊ द्या. नाहीतर भर रस्त्यात भांडतात."

माझ्या नव्या मालकिणीला सगळे मापमावशी म्हणत. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा बघून "छाती अडतीस, आणि डावा हात अर्धा इंच लांब" असं सांगणारी बाई. तिने मला खोक्यातून काढलं, उलटं केलं, शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "दुहेरी शिलाई आहे. टाके एकसारखे. ज्याने शिवलंय तो मन लावून बसला होता." मित्रांनो, सात वर्षांत माझ्याविषयी कुणी काढलेला हा पहिला चांगला शब्द. मला वाटलं, आता हिच्यासाठी डबक्यात उडी मारायची वेळ आली तरी मारू.

पण तिने मला परत खोक्यात ठेवलं.

"आई, आठवडाभर घरात घालायला सांगितलंय त्यांनी," सूनबाई म्हणाल्या.

"म्हणजे नवे बूट घरात घालून जुने करायचे, आणि परगावी जाऊन जुने बूट मिरवायचे? कुणाची ही अक्कल?"

आमची रवानगी पलंगाखाली झाली. पंधरा दिवस मी पुठ्ठ्यातून त्या घराचं बोलणं ऐकलं, आणि त्यातूनच मला कळलं की आपण नुसते सहलीला निघालेलो नाही.

मावशीचा मुलगा एका विमा कंपनीत होता. अपघातात मोडलेल्या गाड्या पाहायच्या आणि किती मोडल्यात ते सांगायचं, हे त्याचं काम. ते काम तो इतक्या निष्ठेने करी, की न मोडलेल्या वस्तूंकडेही तो त्याच नजरेने बघे. कंपनीने त्याला बक्षीस म्हणून एका थंड शहराची चार दिवसांची सहल दिली होती, कुटुंबासह. आणि सध्या त्याची नजर आईवर होती.

"आई, परवा तू जिन्यात मध्येच थांबली होतीस."

"शेजारणीशी बोलायला."

"शेजारीण नव्हती तिथे."

"म्हणून तर थांबले होते. ती यायची होती."

"आता पुरे कर ते दुकान. पायमशीन मारून मारून पायांची वाट लागलीय तुझ्या."

"वाट लागलेले पाय बर्फात कशाला नेतोस मग?"

मग त्याने एक अट घातली. हुशार माणसं मूर्खपणा करतात तेव्हा तो अटीच्या स्वरूपात करतात. "ठीक आहे. चार दिवस आपण भरपूर चालणार आहोत. त्यात एकदा जरी 'पाय दुखले' म्हणालीस, तर परत आल्यावर दुकान बंद. किल्ली माझ्याकडे. नाही म्हणालीस, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"मान्य," मावशी म्हणाली. "पण किल्ली तुझ्याकडे नको. सुनेकडे दे. ती पंच."

सूनबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकल्याचा आवाज मी ऐकला. छोटासाच होता. पण त्यानंतर पलंगावर बराच वेळ कुणी हललं नाही. ते दुकान म्हणजे दहा बाय आठची एक खोली, एक पायमशीन, एक इस्त्री आणि दारावर लटकणारा एक टेप. पण घरात ती आई होती, सासू होती, आणि चार वर्षांपूर्वी मुलाचे बाबा गेल्यावर मागे राहिलेली बाई होती. त्या दहा बाय आठमध्ये ती मापमावशी होती. तिथे माणसं तिच्यासमोर हात पसरून सरळ उभी राहत आणि ती सांगेल तेव्हाच श्वास सोडत.

प्रवासासाठी तिने नवा कोट घेतला नाही. बाबांचा राखाडी कोट होता, तोच पलंगावर बसून उसवला आणि हातानेच शिवून स्वतःच्या मापाचा केला. बाह्या कापल्या, घेर आत घेतला. खांद्यांना मात्र हात लावला नाही. "खांदे राहू देत त्यांचेच," ती कोटाशी बोलल्यासारखी म्हणाली. त्यामुळे कोट घातला की ती वरून बाबा आणि खालून आई दिसायची.

निघायच्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या पायात गेलो. शेजारी बाकीच्या मंडळींची पादत्राणंही उभी होती. मुलाचे बूट टोकदार, चकचकीत. तळ इतका गुळगुळीत, की त्यात बघून भांग पाडता यावा. फोटोत फार चांगले दिसतात म्हणून त्याने ते घेतले होते. सूनबाईंचे कापडी, पांढरेशुभ्र, आणि बाजूंना हवा खेळती राहावी म्हणून बारीक भोकं. जिथून हवा खेळते तिथून आणखी काय काय खेळतं, हे त्या बिचाऱ्यांना अजून माहीत नव्हतं.

त्या शहरात पोचलो आणि मला वाटलं, कारखान्यात मला ज्यासाठी बुडवलं होतं तो दिवस आला. अर्धवट वितळलेला बर्फ, दगडी चढ-उतार, ट्रामच्या रुळांत साचलेलं काळं पाणी. मी त्या पाण्यात असा उतरलो, जसा नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस टेबलापाशी बसतो. थेंब आत येऊ दिला नाही. दोन तास माझ्यासारखा सुखी बूट त्या शहरात नव्हता.

मग घोटाळा सुरू झाला. दर पावलाला मावशीची डावी टाच माझ्यात वर जायची आणि खाली यायची. वर जायची, खाली यायची. मी तिला धरायचा प्रयत्न केला, पण मी नवा, कडक. जितकं धरायला जाई तितकं खरचटे. शेजारी उजवा मात्र तिच्या पायाला असा बिलगला होता, की जणू त्याच पायावर शिवलाय. "काय रे, बसत नाही का तुला नीट?" त्याने विचारलं. भाऊ असूनही असं विचारतात.

"आई, पाय कसे आहेत?" मुलाने पुलावर विचारलं.

"जागेवर," मावशी म्हणाली.

नदीकाठी विचारलं. "जागेवर." बाजाराच्या चौकात विचारलं. "जागेवर. तुझे?" "माझे? एकदम मस्त," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या बुटातून पिळलेल्या फडक्यासारखा आवाज आला. मावशीने तिकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने काही ऐकलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत एकटी असताना तिने मोजा काढला. टाचेवर कोटाच्या बटणाएवढा फोड. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत फोडाकडे. मग तिने पर्समधून टेप काढला (टेपशिवाय ती कुठेही जात नसे) आणि आधी पाय मोजला, मग मला आतून मोजलं. आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई, मी मार्जिन सोडलं!"

मित्रांनो, शिंपी कापड कापतो तेव्हा मापाच्या बाहेर चहूबाजूंनी पाव इंच जास्त सोडतो, शिलाईत आत जायला. एकतीस वर्षांत तिच्या कात्रीला ती सवय इतकी जडली होती, की स्वतःच्या पावलाचा कागद कापतानाही ती रेषेवरून चालली नाही, पाव इंच बाहेरून चालली. उजवा पाय एकतीस वर्षं मशीन रेटून रुंद झाला होता; त्याला तो पाव इंच फावला. डावा मात्र आयुष्यभर नुसता सोबतीला बसलेला. तो त्या मार्जिनमध्ये पोहायला लागला.

तिने मला मांडीवर घेतलं. "तुझी काही चूक नाही रे," ती म्हणाली. "तुला सांगितलं तसा तू आलास."

मी बूट आहे. मला रडता येत नाही, आणि जलरोधक असल्यामुळे आलं असतं तरी बाहेर पडलं नसतं. पण त्या दिवशी मला ते फार जड गेलं. एखाद्याला आपण टोचत असावं आणि त्यानेच आपली समजूत घालावी, यापेक्षा शिव्या बऱ्या.

तिने आधी रुमाल कोंबून पाहिला. तो घसरला. कापूस लावून पाहिला, तो गोळा झाला. मग तिची नजर खुर्चीवरच्या कोटावर गेली. बराच वेळ ती तिथेच होती. शेवटी उठली, कोट उलटा केला आणि सुईच्या टोकाने डाव्या खांद्याचं अस्तर उसवलं. आतून अर्धचंद्राच्या आकाराचा, मऊ, दाट पॅड निघाला. तिने तो हातात धरला, तळव्याने एकदा दाबून पाहिला.

"एक दिलात तर चालेल ना?" ती म्हणाली. हे ती मला नाही, कोटाला म्हणाली.

खांद्यासाठी केलेली वक्र वस्तू टाचेलाही बसते, हे कुठल्याच पुस्तकात नसेल. तिने तो पॅड माझ्या अस्तराला आतून सोळा टाक्यांनी शिवला. सुई टोचली, पण ती ओळखीची वाटली. सकाळी तिने पाय घातला, चार पावलं टाकली, थांबली, आणखी चार टाकली. टाच हलली नाही. तिच्या तोंडून एक छोटा "हं" निघाला. कपड्याचं फिटिंग जमल्यावर ती आरशासमोरच्या गिऱ्हाइकाला देते तो "हं".

दुसरा दिवस आणि तिसरा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे दिवस. आम्ही संग्रहालय पाहिलं, किल्ल्याची तटबंदी पाहिली, गोठलेल्या तळ्याला पूर्ण फेरी मारली. मावशी पुढे आणि बाकीचे मागे. सकाळी नाश्त्याच्या टेबलाखाली बुटांची वेगळीच सभा भरत असे, आणि तिथे मला सगळं कळे. मुलाने मोज्यांवरून हॉटेलच्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. संग्रहालयाच्या शांत दालनात तो चालायला लागला की सळसळ ऐकून पहारेकरी वळून बघे. सूनबाई रोज संध्याकाळी केस न धुताच केस वाळवायचं यंत्र लावून बसत आणि त्याचं तोंड कापडी बुटात खुपसत. पण बोलत कुणीच नव्हतं. अट घालणाऱ्याने स्वतः दुखतं म्हणायचं कसं? आणि पंचाने तरी कसं म्हणायचं? तीन माणसं, सहा पाय, आणि सगळे जागेवर.

चौथ्या दिवशी घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायचं होतं. दोनशे बारा पायऱ्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी तिकीटघराची उबदार खोली होती, तिकडे जाताना मावशी पुढे होती. मुलगा मागून येत होता. अचानक त्याची सळसळ थांबली.

"आई."

"काय रे?"

"तुझा डावा खांदा... असा का झालाय?"

मोडक्या गाड्या बघणाऱ्याची नजर ती. कोटाचा डावा खांदा दोन बोटं खाली गेला होता, दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"कसा झालाय?"

"पडलाय. आई, खरं सांग. डाव्या हातात कळ येतेय? छातीत भरून आल्यासारखं वाटतंय?" त्याचा आवाज वेगळाच झाला होता. त्याने तिला धरून तिकीटघरात नेलं, बाकावर बसवलं. "पाणी द्या कुणीतरी! डॉक्टर! इथे डॉक्टर कुठे मिळेल?"

"अरे, मला काही झालेलं नाही."

"बाबा पण हेच म्हणाले होते!" तो ओरडला. तिकीटघरातल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तीन दिवस खांदा चोळत होते, डावा. 'काही नाही रे, झोपेत अवघडलाय.' तीन दिवस!"

मावशीने मुलाकडे पाहिलं. तो दुकानाच्या मागे का लागला होता, हे तिला तेव्हा कळलं असावं. मग तिने खाली वाकून माझी लेस सोडली.

"हा घे बाबांचा खांदा," ती म्हणाली, आणि मला त्याच्या हातात दिलं.

त्याने आत हात घातला. पॅड हाताला लागला. सोळा टाके लागले. मग त्याने तिच्या मोज्याकडे पाहिलं. टाचेवर एक वाळलेला तपकिरी डाग होता.

"हे केव्हाचं?"

"पहिल्या दिवसाचं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर किल्ली गेली असती. अट तू घातलीस, मी नाही." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांना तर कुणी अटही घातली नव्हती रे. तरी नाही बोलले."

मुलगा तिच्या शेजारी बसला. मला त्याने मांडीवर ठेवलं. मग स्वतःचे बूट काढले, आणि त्या पिशव्या. त्यातून जे पाणी निघालं त्यात दोन मासे राहिले असते. पाय धुवून वाळत घातलेल्या कपड्यांसारखे सुरकुतलेले.

"मग काय," सूनबाई म्हणाल्या, "मीच एकटी कोरडी आहे असं दिसायला नको," आणि त्यांनी आपले पांढरे बूट काढले. ते आता पांढरे नव्हते.

तिकीटघरातल्या बाईंना आमची भाषा येत नव्हती. पण एका बाकावर तीन माणसं आणि सहा उघडे पाय दिसले की भाषा लागत नाही. त्या उठल्या, आपल्या टेबलाखालचा हीटर ओढत आणला आणि आमच्यासमोर ठेवला.

"पंचाचा निकाल ऐका," सूनबाईंनी पर्स उघडली. "पाय तिघांचेही दुखलेत आणि तिघांनीही लपवलेत. अट रद्द. नवी अट अशी, की यापुढे दुखतंय आणि सांगितलं नाही, तर किल्ली जप्त. दुकानाची असो, गाडीची असो, नाहीतर घराची." आणि दुकानाची किल्ली त्यांनी सासूबाईंच्या कोटाच्या खिशात टाकली. त्या आवाजावर मावशीने डोळे मिटले.

"चला, हॉटेलवर जाऊ," मुलगा म्हणाला.

"का? मनोरा कोण चढणार?"

"आई, तुझा पाय..."

"दुखला की सांगेन ना. आता सांगायला मोकळी आहे मी."

आणि ती चढली. प्रत्येक वळणावर थांबायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "दुखलं!" मग सगळे टेकायचे, आणि परत चढायचे. चार दिवसांचं साठलेलं ती एकदम खर्च करत होती. सातव्या "दुखलं"ला वरून उतरणारी माणसं घाबरून भिंतीला चिकटली. "आई, अगं, एवढंही नको," मुलगा म्हणाला. तो हसत होता. वर पोचलो तेव्हा खाली सगळं शहर ओलं आणि चकचकीत पसरलं होतं, आणि मी, उजवा आणि बाबांचा खांदा असे तिघंजण त्याच्यावर उभे होतो.

यानंतर मी सुखाने नांदलो असं तुम्हाला वाटेल. पण गाव तेच होतं, पंखा तीनवर. आमची रवानगी माळ्यावर झाली. दोन वर्षं माझ्यावर धूळ बसली, बुरशीने पांढरी नक्षी काढली. एकदा एका उंदराने माझ्यात संसार थाटायचा विचार केला, पण पॅडवरचे टाके त्याला उसवता आले नाहीत. मेहनतीने मिळवलेलं कौतुक माळ्यावर फार दिवस टिकत नाही. मला वाटलं, झालं आपलं.

मग शेजारच्या परिचारिकाबाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी थंड देशात जायचं निघालं. त्या मापमावशीला म्हणाल्या, "तुमचे ते बूट आहेत ना हो अजून?" मावशीने मला उतरवलं, पुसलं, मेण चोळलं. मधल्या काळात ती स्वतः बूटवाल्या काकांना भेटून आली होती; मला उसनं देताना तिने त्यांचाच आवाज काढला. "संध्याकाळी या. जाड मोजा घालून या. उभ्या राहा, बसून नाही. दहा फेऱ्या मारा. आठवडाभर घरात घाला. आणि परत आणाल तेव्हा कुठे चावला ते सांगायचं. खरं सांगायचं, माझं मन राखायला जाऊ नका."

त्या महिन्याने परत आल्या आणि म्हणाल्या, "करंगळीला." मावशीने करंगळीचा पॅड केला. मग व्यायामशिक्षक गेले, त्यांना घोट्याला चावलो. बँकेचे पहारेकरी जावयाकडे गेले, त्यांना कुठेच चावलो नाही, हे त्यांनी तीन-तीनदा सांगितलं आणि तिने तरी मोजा काढायला लावला. दुकानात बटणांच्या डब्याशेजारी आता एक पॅडांचा डबा आहे. ज्या गल्लीत कधी स्वेटर लागत नाही, तिथली अर्धी गल्ली माझ्यातून बर्फात फिरून आली आहे. सगळे पॅड येतात आणि जातात. टाचेचा तो एक मात्र कुणी काढत नाही. कोटाचा डावा खांदाही तिने पुन्हा भरला नाही.

आता मी म्हातारा झालोय. पुढून तोंड उघडलं होतं, चांभारकाकांनी दोनदा शिवलं. खाचा झिजून तळ मुलाच्या त्या बुटांसारखा गुळगुळीत झालाय. मुलगा मध्ये म्हणाला, "आई, नवे घेऊ या, हे टाकून दे." ती म्हणाली, "किती मोडलाय ते बघायचं तुझं काम. किती उरलाय ते मी बघते." आता मी दुकानात, दाराच्या कोपऱ्यात असतो. इथून सगळं दिसतं.

परवाचीच गोष्ट. संध्याकाळी सहा वाजले असतील. मुलगा कामावरून येता येता दुकानात डोकावला. मावशीने मशीन थांबवलं, चष्मा काढला आणि अगदी सहज म्हणाली, "आज पाय दुखले रे."

मी कोपऱ्यात श्वास रोखला. उजव्यानेसुद्धा.

मुलाने बॅग ठेवली, स्टूल ओढलं, तिचे पाय वर घेतले आणि उरलेल्या शर्टाला स्वतः इस्त्री करायला घेतली. कॉलर जाळली. तिने त्याला शिव्या घातल्या. मग दोघांनी मिळून दुकान बंद केलं, आणि किल्ली तिने आपल्याच हाताने कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दार उघडलं. नेहमीच्याच वेळी.

तर मित्रांनो, थंड गावी जाल तेव्हा बूट दिसायला कसा आहे ते आरशाला विचारू नका, पायाला विचारा, आणि पाय सोबत घेऊन जा. परत आल्यावर बुटाला पुसा, मेण चोळा, माळ्यावर विसरू नका. इतकं तुम्ही कराल, मला खात्री आहे. एक गोष्ट मात्र बुटांपेक्षा अवघड आहे. तुमच्या घरात कुणाला "पाय कसे आहेत?" असं विचारलंत आणि उत्तर "जागेवर" असं आलं, तर तेवढ्यावर पुढे जाऊ नका. खाली बसा आणि एकदा मोजा काढून बघा.